आमची वाटचाल : सोफा सरकवायचे पैसे

आमचं दुकान सुरू झालं ते अँप (ॲम्प्लिफायर) रिपेअरिंगपासून, म्हणजे गणपतीत मंडळांचे जळालेले अँप रात्री बारापर्यंत उघडून बसायचं आणि विसर्जन झालं की माशा मारायच्या. तिथं बेसचा, म्हणजे खालच्या जाड आवाजाचा, हिशोब सोपा, छातीत बसला की झालं. त्यामुळे घरातलं पहिलं काम मिळालं, कोथरूडला एका काकांच्या हॉलमध्ये मेन स्पीकरला सब, म्हणजे फक्त बेस वाजवणारा सबवूफर, जोडून द्यायचा, तेव्हा मी १० इंची सब कोपऱ्यात ठेवून ऐटीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फोन. "अहो, सोफ्यावर बसलं की बेस गायब, आणि किचनमध्ये भांडी वाजतायत." मी १२ इंची नेऊन दिला. तेच. दोन्ही परत आणले, टेम्पोचं भाडं पदरचं, आणि काका एका शब्दानं बोलले नाहीत ते जास्त लागलं.

कारण कळायला बरेच महिने गेले. हॉल १४ फूट लांब आणि सोफा बरोब्बर मध्यावर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ४० हर्ट्झच्या आसपासची लाट जागच्या जागी उभी राहते, भिंतींपाशी तिचा जोर आणि मधोमध जवळजवळ शून्य. तिथं बारा काय, अठरा इंची लावला तरी तो खड्डा भरत नाही, इक्वलायझरवर तेवढा बेस चढवला तर नुसता अँप तापतो. त्यात आपल्याकडच्या भिंती विटा-काँक्रीटच्या, बेस आतल्या आतच घुमत राहतो. परत गेलो, सोफा अडीच फूट मागे घेतला, तोच १० इंची लावला. त्या दिवशी काकांकडे चहा झाला, वर पोहेही.

आता आम्ही सब आधी सोफ्यावरच ठेवतो, एक बेसलाइन, म्हणजे गाण्यातली बेसची सुरावट, लावतो आणि मी गुडघ्यावर रांगत भिंतीकडेनं फिरतो, जिथं सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथं सबची जागा. एका घरी आजींनी विचारलं, "काय हरवलंय का रे?" नंतर माइक आणि खोलीतला आवाज मोजून ग्राफ काढणारं रूम ईक्यू विझार्ड हे फुकटातलं सॉफ्टवेअर आलं, तरी रांगणं काही सुटलेलं नाही.

खरी मारामारी सांध्यावर असते, म्हणजे सबचा आवाज संपून मेन स्पीकरचा सुरू होतो तिथं. होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास कापायचं, खालचं सबला आणि वरचं मेनला, पण साध्या स्टीरिओ अँपवर बहुतेक वेळा मेन कापलेच जात नाहीत, ते पूर्ण वाजतात, मग सबही ८० ला ठेवला की दोघं एकाच पट्ट्यात बोलतात आणि सगळं गडगडतं, तिथं सब ५०-६० पर्यंत खाली आणावा लागतो. फेजसाठी, म्हणजे मेन आणि सबच्या लाटा एकमेकींना मारू नयेत म्हणून, सांध्याच्याच फ्रिक्वेन्सीचा टोन लावून एकानं सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं सबवरचा फेजचा स्विच ० आणि १८० करायचा, जिथं आवाज मोठा ते बरोबर. शेवटची परीक्षा तबल्यावर. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला सूर, वर चढताना आवाज मध्येच फुगला किंवा एका कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि हो, रिसीव्हरनं स्वतः मोजून सबचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं म्हणून ते "दुरुस्त" करणारे बरेच भेटतात. कृपया करू नका, सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर त्या आकड्यात धरलेला असतो.

धंद्याचं म्हणाल तर या कामाचे पैसे मागायला मला फार लाज वाटायची. "नुसता सोफा सरकवायचे पैसे?" असं तोंडावर ऐकलंय. बायको म्हणाली, आधीचा ग्राफ दाखव, नंतरचा दाखव आणि गप्प बस. तेव्हापासून सेटअपचे वेगळे पैसे घेतो आणि मोठ्या एका सबपेक्षा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान सब सुचवतो, सबची खोकी विकण्यातली कमाई घटली पण माल परत येणं जवळजवळ थांबलं.

पुढच्या आठवड्यात बाणेरला जायचंय. इंटिरियरवाल्यानं सोफा भिंतीला फिक्स केलाय आणि सबसाठी टीव्ही युनिटमध्ये बंद दाराचा कप्पा ठेवलाय. करवत नेऊ का, असं विचारून ठेवलंय, अजून उत्तर नाही.