आमची वाटचाल: अठरा माग आणि कलम १४

२००३ साली सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सहा मागांवर टेरी टॉवेल सुरू केले. पुढे माग अठरा झाले, न्हावा शेवाहून दुबईला कंटेनर जाऊ लागले. ती वर्षं बरी गेली. सांगायचंय ते २०१८च्या पावसाळ्याचं.

तिकडे कंटेनर उघडला तर खालच्या दोन थरांतले टॉवेल काळे पडलेले. खरेदीदाराला त्याच्या विमा कंपनीने भरपाई दिली आणि त्याच्याच हक्काने ती आमच्या मागे लागली. म्हणे, माल ओला भरला. सोलापुरात दावा, सोबत माग जप्तीचा अर्ज. बँकेने सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल, अडवली. आमच्याच लाइनीतल्या एका कारखानदाराने 'ह्यांचा माल कच्चा' अशी बोंब उठवली आणि दोन गिऱ्हाइकं नेली. आजही तो नमस्कार करतो. मी करत नाही.

त्या दिवसांत पंढरपूरचे एक लॉजवाले न सांगता येऊन आषाढीच्या ऑर्डरीचा पूर्ण ॲडव्हान्स ठेवून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

आमचे भागीदार अण्णा. खरेदीदाराशी केलेल्या करारात कलम १४ त्यांनीच घातलेलं: वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाचा निवाडा, तोही सिंगापूरला. तेव्हा मी हसलो होतो, घरचं कोर्ट सोडून एवढ्या लांब कशाला? आता वकील म्हणाले, हेच तारेल. परदेशातले लवाद देशोदेशीच्या कोर्टांनी मानावेत यासाठीचा न्यूयॉर्क करार १९५८चा, भारत त्यात १९६०पासून. आपल्या १९९६च्या लवाद कायद्याचं कलम ४५ त्यावरच उभं. कंपनी म्हणाली, करारावर आमची सही कुठाय? अहो, हक्क खरेदीदाराचा सांगता, मग गाय घेतली की दावंही येतं. कायद्याच्या कलम ४५मध्येच 'पक्षकारामार्फत हक्क सांगणारा' असे शब्द आहेत. करार प्रथमदर्शनी रद्दबातल दिसत नाही, एवढं पाहून कोर्टाने प्रकरण लवादाकडे धाडलं. जप्ती टळली.

फुकटचा सल्ला देतो. लवादाच्या कलमात 'मे' (जाता येईल) लिहू नका, 'शॅल' (जावंच लागेल) लिहा, ठिकाण लिहा, छोट्या मालाला पंच एकच पुरे. आणि सीआयएफने, म्हणजे भाडं-विमा आपण भरून, माल पाठवताना विम्याचा सर्वांत कमी संरक्षणाचा प्रकार, क्लॉज सी, स्वस्त म्हणून घेऊ नका, कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी त्यात बसत नाही.

आमचा माल एफओबी होता, म्हणजे जहाजावर चढल्यावर जोखीम खरेदीदाराची. पाणी कुठलं एवढंच दाखवायचं होतं. खरेदीदाराने कुरिअरने तीन टॉवेल परत पाठवले. अण्णांनी तुकडा कापून डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवला, वर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब; पाण्यात मीठ असलं की ते पांढरं होतं. पाणी ताकासारखं पांढरं झालं. डाइंगचं मीठ असेल म्हणून त्याच लॉटचा गोडाऊनमधला टॉवेल घेतला, तर पाणी जेमतेम धुरकटलं. म्हणजे पाणी समुद्राचं; तिकडच्या सर्व्हेअरचा रिपोर्टही तेच म्हणत होता. लवादाने सगळं कागदांवरच पाहिलं आणि कंपनीचा दावा फेटाळला.

सिल्व्हर नायट्रेटची बाटली अजून ऑफिसच्या कपाटात आहे. अण्णांच्या बोटावरचा त्याचा काळा डाग मात्र निकाल यायच्या कितीतरी आधीच गेला.