जल मिळेल का, माउली?

वारीत लागणारे सगळे शब्द नेमके 'प'चे. पाणी, पाय, पंगत, पखवाज, पांडुरंग. आणि माझी जीभ लहानपणापासून 'प'वरच अडते. म्हणून मी पाणी मागत नाही, जल मागतो. दिंडीतल्यांना वाटलं, गडी फारच सोवळा दिसतो. काटोल नाक्यावर पोह्यांच्या गाडीशी 'तर्री जास्त' एवढंच म्हणालो, बाकीचं गाडीवाल्याने समजून घेतलं. शब्द समोर दिसत असतो, तोच चुकवून वळसा घ्यायचा, असं माझं आयुष्यभर चाललंय.

एकादशी पंढरपुरात उरकून देव धापेवाड्याला येतात, ही आमच्या नागपूरकडची श्रद्धा. तिथली नदीही चंद्रभागाच. सुटी कमी, पाय कच्चे, म्हणून हीच वारी धरली. शिवाय वारीत नाव कोणी विचारत नाही. सगळे माउली. माझं नावही 'प'चंच आहे, त्यामुळे हे सुख काय असतं ते मला विचारा.

भजनात मी मोकळा. हरिपाठ घडाघडा. मागून चालणारे एक काका म्हणाले, "पाहा, गातानी एकदाबी अडत नाही. म्हंजे मनाचंच आहे. पांडुरंग बरं करून राहिला तुले." डोकंच फिरलं. सगळ्यांबरोबर एका लयीत म्हणताना बहुतेक तोतऱ्यांचं अडखळणं थांबतं, शेजारचा आवाज टेकू देतो. एकट्याने बोलायला लागलं की परत येतं. याचं मूळ मेंदू बोलणं कसं जुळवतो त्यात आहे, मनाच्या दुबळेपणात नाही. पण हे सांगायचं म्हणजे वाटेत कितीतरी 'प' येणार. मी टाळ जोरात वाजवला. आणि बरं व्हायला मी निघालोच कुठे होतो?

फेटरीच्या पुढे पाऊस गायब, अंगाची चिकचिक, डांबर तापलेलं. टाचेला लिंबाएवढा फोड. दिंडी पुढे गेली आणि मी एका घराच्या ओट्यावर बसकण मारली. आतून आजी आली. पाय पाहिला न पाहिला, आत जाऊन सुई-दोरा घेऊन आली, सुई दिव्यावर धरली.

"नाव काय रे बाबू?"

झालं. ओठ मिटले ते मिटलेच. अशा वेळी लोक मदतीला धावतात. प्रमोद? प्रशांत? पंकज? माझं बारसं रोज कोणीतरी करतं. आजीने नाही केलं. माझी टाच मांडीवर, हातात सुई, सुईतून लोंबणारा दोरा, तशीच बसून राहिली. चेहऱ्यावर दया नाही की घाई नाही. रस्त्यावरून दोन ट्रक गेले. एक कुत्रं येऊन वास घेऊन गेलं. मग नाव निघालं, तुकड्या-तुकड्यांनी.

"बरं," म्हणाली आणि फोडातून सुई आरपार काढली. पाणी वाहत राहावं म्हणून दोरा आतच ठेवला. "नवी चप्पल घालून कोन चालते का बाप्पा? शिकलेलं दिसते तू, अक्कल कुठसाक गेली?"

माझ्या बोलण्याबद्दल एक शब्द नाही. मग संत्र्याची फळगळ, मुलाची दारू, सुनेचा मोबाइल, सगळं ऐकवलं. मधेच निघायचं म्हटलं तर, "बस नं, कायची घाई आहे." मला खरंच घाई होती, दिंडी गाठायची होती. कंटाळाही आला होता. तहान लागली तेव्हा 'जल' जिभेवर आलं होतं. ते सोडून 'पाणी'च धरलं. चार वेळा नुसते ओठ आपटले. लोटा येईपर्यंत आजीची फळगळ चालूच होती.

कळमेश्वरचा मुक्काम डासांत गेला. धापेवाड्यात दर्शन झालं, डोळे मिटले तेवढ्यात मागच्याने ढकललं.

बाहेर जयघोषाच्या वेळी विणेकऱ्यांचा घसा बसलेला. "कोन म्हनते?" मी हात वर केला. "बोला, पुं... पुं..." मागची रांग कंटाळली आणि 'हरी विठ्ठल' आधीच ठोकून मोकळी झाली. पुढचे हसले. मी थांबलो नाही, 'वरदे' पूर्ण केलं, तेव्हा सगळ्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

"गाऊन म्हनाचं नं!" काका कुजबुजले.

गायलो नाही. ज्ञानदेव-तुकाराम सुरळीत गेले. पुढे पंढरीनाथ महाराज होतेच.