नेत्राणीला डाइव्हिंगला जाताय? आधी शिडी चढायचा सराव करा

नेत्राणी हे कर्नाटकातल्या मुरुडेश्वरसमोरचं बेट, तिथे स्कूबा डाइव्हिंग करतात. मुरुडेश्वरला बुकिंग करताना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "पोहता येत नसलं तरी चालतं, सगळं इन्स्ट्रक्टर बघतो." हात धरून सहा-आठ मीटरवर फिरवून आणतात त्या हौशी डाइव्हपुरतं ते खरं आहे. ओपन वॉटर कोर्सला (डाइव्हरचं पहिलं सर्टिफिकेट देणारा कोर्स) किंवा सर्टिफिकेट घेऊन दोन टाक्यांच्या, म्हणजे लागोपाठ दोन डाइव्हना जाणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. आम्ही राहिलो, आणि दिवसातला सगळ्यात वाईट भाग डाइव्ह संपल्यावर सुरू झाला.

बेट किनाऱ्यापासून साधारण 19 किलोमीटर आत. कडे सरळ पाण्यात उतरलेले, पुळण नाही. चढणं-उतरणं सगळं बोटीवरून. जायला दीडेक तास लागतो. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, पण तिने किती झोप येते ते आधी घरी घेऊन बघा. गुंगीत डाइव्ह करू नये. प्रवाळ, मासे सुंदर आहेत. त्याचे फोटो सगळीकडे सापडतील.

आता ती शिडी. रिकामी ॲल्युमिनियमची टाकीच 14 किलोची. वर बीसीडी (हवा भरता येणारं जाकीट), रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र), बुडण्यासाठी लावलेली चार-पाच किलो वजनं धरली की 20 किलोच्या पुढे जातं. पाण्यात हे जाणवत नाही. शिडीच्या प्रत्येक पायरीला थोडं थोडं अंगावर येतं, आणि तोवर फिन्स (पायातली वल्ही) मारून मांड्या भरून आलेल्या असतात. लाटेबरोबर बोट उचलली जाते, शिडी वर जाते आणि धाडकन खाली आपटते. तिच्या खाली डोकं नेऊ नका, हातभर अंतर ठेवा. शिडी खाली आली की धरा आणि लाटेबरोबर वर जा. फिन्स काढायच्या त्या शिडी हातात आल्यावरच, आधी नाही; पाण्याला ओढ असेल तर फिन्सशिवाय माणूस मिनिटात मागे पडतो. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात, पाय फळीवर टेकेपर्यंत. पुढचा चढत असताना त्याच्या खाली थांबू नका, टाकी निसटली तर थेट डोक्यात येते.

जमणार नाही असं वाटलं तर बीसीडीत हवा भरून आधी वजनं वर द्या, मग बीसीडी पाण्यातच काढून बोटीवरच्या पोरांकडे द्या. ते उचलून घेतात, फक्त निघतानाच सांगून ठेवा. यात कमीपणा काही नाही. डाइव्हनंतर लगेच जोर लावणं तसंही टाळायचं असतं: अंगात विरघळलेला नायट्रोजन तेव्हा बाहेर पडत असतो आणि श्रमाने बुडबुडे वाढू शकतात.

तयारी किमान आठ आठवडे. गुडघ्याच्या थोडी खाली येईल अशी भक्कम पायरी किंवा बाक घ्या, पाठीवर 10 किलोची सॅक, प्रत्येक पायाने दहा वेळा चढ-उतार, असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. वजन हळूहळू 20 वर न्या. गुडघा दुखला तर वजन कमी, उंची कमी. जोडीला पोहणं: न थांबता 200 मीटर. वेग नको, दम न लागणं महत्त्वाचं. फिन्स मिळाल्या तर त्या घालून पोहा, आणि पाय कमरेतून हलवा. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे मारले की पोटरीत गोळा येतोच. आला तर फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा, सुटतो.

नुसती जिमची छाती इथे कामाची नाही. हवेचा हिशोब बघा. 11 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने भरलेली हवा. 50 राखून ठेवले की वापरायला 150, म्हणजे 1650 लिटर. निवांत माणूस पाण्याबाहेर मिनिटाला 20 लिटर घेत असेल, तर 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट म्हणून 40 लिटर: टाकी 41 मिनिटं. तोच दमलेला, घाबरलेला असेल आणि दुप्पट हवा ओढत असेल तर 20 मिनिटांत खेळ संपला. दोघांतला ज्याचा दम कमी, त्याच्याबरोबर दुसऱ्यालाही वर यावं लागतं.

मेडिकल फॉर्म घरूनच मागवून घ्या. त्यात विचारतात: 1.6 किलोमीटर 14 मिनिटांत चालता येतं का, किंवा 200 मीटर न थांबता पोहता येतं का? आपल्या रस्त्यावर घड्याळ लावून बघा, ते चांगलंच भराभर चालणं आहे. वय 45 च्या पुढे आणि सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांची सही आणा. जो "सगळीकडे नाही लिहा" म्हणतो त्याच्याकडे दिलेला ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल, त्याच्या बोटीत बसू नका. सर्दी असेल तर डाइव्ह नाहीच. नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना कानात हवा अडकते.

परतीचं मात्र कुणी सांगत नाही. एका डाइव्हनंतर 12 तास आणि दोन किंवा जास्त डाइव्हनंतर 18 तास विमान नको, हे बहुतेकांना माहीत असतं. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तिथेही तेच नायट्रोजनचे बुडबुडे वाढतात. पण हे आकडे 600 मीटरपासूनच्या उंचीसाठी आहेत, आणि अंकोल्यावरून अरबैल घाट चढून हुबळी मार्गे कोल्हापूर-पुण्याला निघालं की आपण तेवढ्याच उंचीवर जातो. दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी गाडी काढू नका. रात्र मुरुडेश्वरलाच काढा आणि सकाळी उशिरा निघा. मुंबईच्या मंडळींनी सरळ कोकण रेल्वेचं तिकीट काढावं, त्या वाटेला घाट नाही.