खवय्या पाहुणीची कादंबरी

तैवानी लेखिका यांग श्वांगत्झ यांची ‘तैवान ट्रॅव्हलॉग’ रात्री उपाशीपोटी वाचू नये. मूळ चिनी भाषेतली कादंबरी २०२० ची, आणि २०२४ मध्ये तिच्या इंग्रजी अनुवादाला अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

गोष्ट १९३८ ची. तैवानवर जपानचं राज्य. आओयामा चिझुको ही जपानी लेखिका बेटावर येते आणि ताइचुंगला, म्हणजे मी राहते त्याच शहरात, मुक्काम ठोकते. सरकारी मेजवान्यांचा तिला कंटाळा. तिला हवं असतं ते इथले लोक रोज खातात ते. भूक तर अशी, की पोटात राक्षस आहे असं स्वतःच सांगते! दुभाषी म्हणून मिळते तैवानी चिझुरू, लग्न ठरलेली. दोघी आगगाडीने फिरतात आणि प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ येतो: भाजलेल्या बिया, तांदळाच्या जाड शेवया, कोहळ्याचं सरबत.

चिझुकोचं मन मोठं आहे, आणि गोची तिथेच आहे. ती चिझुरूला किमोनो देते, लग्न मोड म्हणते, जपानला चल म्हणते. चिझुरू नुसती हसते, जपानच्या पारंपरिक नोह नाटकातल्या मुखवट्यासारखी. आधी मला चिझुरूचाच राग आला. एवढी जीव लावणारी बाई, हिचं बिनसलंय कुठे? पण पगारी दुभाषी राज्यकर्त्यांच्या बाईला ‘नको’ म्हणणार कशी, हे चिझुकोच्या गावीही नाही. परदेशात आलेल्या आम्हा मंडळींना ‘अस्सल स्थानिक’ खायचा जो सोस असतो, तो तिच्यात पुरेपूर आहे.

तागाच्या पानांच्या सूपचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. जपानी काळात इथे तागाची लागवड झाली ती गोण्यांसाठी. तांदूळ-साखर जपानला जायची, पानं इथेच उरायची. बायकांनी ती रांधली. पानांच्या शिरा काढायच्या, पाण्यात चोळचोळून कडवटपणा घालवायचा, मग रताळं आणि बारीक मासळी घालायची. उन्हाळ्यात ताइचुंगच्या बाजारात ते आजही मिळतं. हिरवं, बुळबुळीत, तरीही जरा कडूच. मला काही ते फारसं आवडत नाही.

मधली काही प्रकरणं रेंगाळतात. लेखिकेचा खोडकरपणा मात्र भारी: पुस्तक म्हणजे जुन्या जपानी प्रवासवर्णनाचा अनुवाद असल्याची बतावणी आहे, आणि पहिल्या आवृत्तीवर लेखिका म्हणून नावही चिझुकोचंच होतं. बरेच वाचक फसले, वादही झाला.

शेवट सांगत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र जपून. डुकराचं मांस भरपूर आहे.