तुम्ही विचारलंत म्हणून: हात पुढे केला तर द्यायचं का?

मी बेघरांच्या निवाऱ्यात रात्री मदतीला जाते हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो, रस्त्यात कुणी हात पुढे केला तर द्यावं का हो, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, दिले तरी दारूतच जाणार ना.

तर सांगते. मी देते. दर वेळी नाही, पण खिशात सुटे असतील आणि मनात असेल तर देते, आणि एकदा दिले की त्याचं पुढे काय झालं याचा हिशोब ठेवत नाही, कारण दिल्यावर ते पैसे माझे राहतच नाहीत. समोरचा खरंच गरजू आहे का, चेहरा पुरेसा दीनवाणा आहे का, कपडे जरा बरेच दिसतायत, ही जी परीक्षा आपण उभ्या उभ्या घेतो ना, ती मला नाही पटत. त्या अर्ध्या मिनिटात कुणाचं आयुष्य आपल्याला काय कळणार.

दारूचं म्हणाल तर काही जण पितात, हे खरंय, मी बघते. पण पैसा हातात आला की उडवणारच, हे मात्र गृहीत धरू नका. कॅनडात व्हँकूव्हरमध्ये 2018 साली एक प्रयोग सुरू झाला, 50 बेघर लोकांना एकदम 7,500 डॉलर दिले, कसलीही अट नाही, आणि वर्षभर त्यांची माहिती ठेवली. ज्यांना पैसे नव्हते दिले त्यांच्या तुलनेत हे लोक वर्षात सरासरी 99 दिवस कमी बेघर राहिले, आणि दारू, सिगरेटवरचा खर्च काही वाढला नाही. आता हेही सांगायला हवं की व्यसन किंवा मानसिक आजार खूप बळावलेल्यांना त्यात घेतलं नव्हतं, म्हणजे हे सगळ्यांना सरसकट लागू होत नाही. पण रस्त्यावरच्या प्रत्येकाला बेवडा समजणं तरी त्याने खोटं ठरतं.

आणि ‘धडधाकट आहे, मग काम का करत नाही’ हे तर रोज ऐकते. अहो, उघड्यावर रात्री झोप लागली की चपला जातात, पिशवी जाते, बाईमाणूस असेल तर काय काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको, म्हणून कित्येक जण रात्रभर जागे राहतात, नुसते चालत राहतात आणि उजाडल्यावर चार लोकांच्या वर्दळीत कुठेतरी बाकावर आडवे होतात, कारण तिथे जरा सुरक्षित वाटतं, आणि आपण कामाला जाताना नेमकं तेवढंच बघतो. अंघोळीला जागा नाही, कपडे वाळत घालायला जागा नाही, पायाला जखम झाली तर ती कोरडी ठेवायची सोय नाही, आणि अशा अवस्थेत कामावर कोण ठेवून घेणार?

आमच्याकडे एक आजी यायच्या. कागदपत्रं एका पिशवीत, ती दुसरीत, ती तिसरीत, वरून नाडीने गच्च बांधलेली, आणि झोपताना ते गाठोडं उशाला नाही, पोटाशी. एकदा पावसात सगळं भिजलं होतं म्हणे, तेव्हापासून. त्यांचा फॉर्म भरायला मी बसले तर पत्त्याच्या रकान्यापाशी त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या इथे काय लिहिणार गं तू? त्या एका रकान्यापायी त्यांचं सगळं अडलेलं होतं.

पण अशा माणसाने भीक मागितली की कायदा त्यालाच पकडतो. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हात रोमा या युरोपातल्या उपेक्षित समाजातल्या एका बाईला भीक मागितली म्हणून 500 फ्रँकचा दंड ठोकला, तो भरायला तिच्याकडे कुठून असणार, मग पाच दिवस तुरुंगात टाकलं. 2021 साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की हे तिच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेवरच घाव घालणारं आहे. आपल्याकडेही मुंबईच्या 1959 च्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीत लागू होती, ती दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली. मला हे वाचून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

लहान मूल मागत असेल तर मात्र मी पैसे देत नाही, कारण मूल कमावतंय म्हटलं की त्याला तिथेच उभं ठेवणारं कुणीतरी असू शकतं. मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे, तिला फोन करते आणि शक्य असेल तर कुणी येईपर्यंत थांबते.

तुम्हाला द्यायचं नसेल तर नका देऊ, त्यात पाप नाही, भीती वाटली तर थांबूही नका. पण नाही म्हणायचं तर त्याच्याकडे बघून म्हणा. दिवसभर शेकडो लोक आरपार बघत निघून जातात, ते पैसे न मिळण्यापेक्षा जास्त लागतं असं मला एकाने नाही, बऱ्याच जणांनी सांगितलंय.

खरं तर तुमचा प्रश्न सुट्या पैशांपाशी थांबतो याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्या पैशांनी आजचा दिवस जातो, छप्पर नाही मिळत. फिनलंडमध्ये 1987 साली 18 हजारांच्या वर बेघर होते, 2023 मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास उरले. तिथे 2008 पासून त्यांनी क्रम उलटा केला, आधी घर, तेही स्वतःच्या नावावरच्या भाडेकराराचं, आणि मग व्यसन, आजार, नोकरी जे काय असेल ते. दारू सोड मग घर देतो, ही अटच काढून टाकली. हे काही येणाऱ्याजाणाऱ्यांनी सुटे दिल्याने झालं नाही, सरकारने आणि नगरपालिकांनी पैसा ओतला, घरं बांधली, विकत घेतली, आणि मुख्य म्हणजे ती वस्तीच्या मधोमध उभी राहू दिली.

आणि इथे मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. निवारा हवा हे सगळेच म्हणतात, पण जागा शोधायला लागलं की आमच्या गल्लीत नको, शाळेजवळ नको, भाव पडतील, अशी सह्यांची मोहीम निघते, आणि त्यात मला कधीकधी त्याच लोकांची नावं दिसतात जी मला कळवळून विचारत असतात की आपण काय करू शकतो. हे करू शकता. त्या कागदावर सही करू नका. तुमच्याकडे अशी मीटिंग ठरली तर मला कळवा, मी येईन, निवाऱ्यात रात्री नक्की काय चालतं ते सगळ्यांसमोर सांगेन, काय विचारायचं ते विचारा.