लेप्टो झालेलं मांजर घरात ठेवलंच कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय.

हो, आमच्या मांजरीला, ठमीला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतूंचा आजार) झाला होता. नाही, तिला सोडून दिलं नाही. आणि 'लेप्टो तर कुत्र्यांना होतो' हे प्लीज ऐकवू नका, मांजरांनाही होतो, उंदीर मारणाऱ्यांना जास्तच, फक्त बहुतेक मांजरं त्याने आजारी दिसत नाहीत म्हणून कोणी तपासायला जात नाही. ठमी सारखी पाण्याच्या भांड्यापाशी बसायला लागली, वजन उतरलं, रक्तात क्रिएटिनीन (किडनी नीट चालत नसली की वाढतं ते) वाढलेलं आलं, मग डॉक्टरांनी युरिनची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करायला लावली आणि ती पॉझिटिव्ह. म्हणजे लघवीतून जंतू बाहेर पडत होते.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी दादा झाकणाची टोपली घेऊन हजर. "माणसं मरतात याने, पुरे झाले तुझे लाड." मी म्हटलं औषध आहे याच्यावर, तर म्हणे मांजरासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायचा? ठमी सोफ्याखाली होती. हा गुडघ्यावर बसला आणि नेहमीच्याच लाडाच्या आवाजात तिला हाक मारली, आणि ती बया शेपटी वर करून आली की त्याच्याकडे! त्याने हात पुढे केला, अर्ध्यातच मागे घेतला. मग बेसिनवर जाऊन कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिला, तिला शिवलाच नव्हता तरी. मी टोपली दाराबाहेर ठेवली. नंतर बरेच महिने आमचं बोलणं बंद.

दादा खोटं बोलत नव्हता. माणसात हा आजार बिघडला तर कावीळ, किडनी, फुप्फुसात रक्तस्राव, सगळं होतं. पण जंतू शिरतो तो लघवीने किंवा तसल्या पाण्याने, जखमेतून नाहीतर डोळ्या-नाका-तोंडातून, आणि कोरडं पडलं की मरतो. ठमी वेगळ्या खोलीत, लिटरला ग्लोव्ह्ज, फरशीला पाण्यात मिसळलेलं ब्लीच. दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, आणि प्रत्येक गोळीमागे सिरिंजने पाणी, कारण मांजराच्या अन्ननलिकेत ही गोळी अडकली तर आतून भाजते. ती माझ्या मनगटावर ओरखडे काढायची, मी पाणी पाजायचे. कोर्सनंतर पीसीआर निगेटिव्ह आली. लस का नाही दिली विचारता, तर ती कुत्र्यांना मिळते, मांजरांसाठीची बहुतेक ठिकाणी मिळतच नाही.

तेव्हा मी ज्याला त्याला ठासून सांगायचे की किडनी लेप्टोनेच बिघडली. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. वय झालेल्या मांजरांच्या किडन्या तशाही जातात, धडधाकट मांजरांच्या रक्तातही लेप्टोच्या अँटिबॉडीज सापडतात, आणि या दोन्हींचा संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही. पण तेव्हाची मी लगेच भांडायला उठते, मग औषधानंतर क्रिएटिनीन उतरलं कसं? अगं, सलाइनही चालू होतं ना. तिला पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही अर्धंच पटतं.

घरात तान्हं बाळ असेल, कुणाची किमो चालू असेल आणि त्यांनी वेगळा निर्णय घेतला, तर मी एक शब्द बोलणार नाही. आमच्याकडे तसं कुणी असतं तर मी काय केलं असतं, ते मात्र विचारू नका.