अडकित्ता क्रमांक १४ आणि एक खोटं नाणं

शनिवारची दुपार पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेली. बाजारात जायच्या आदल्या दिवशी तिथे अडकित्त्यांसमोर उभं राहायचं, ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. दिनकर केळकरांनी (1896–1990) गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने जमवलेलं हे घर. तिथले नग डोळ्यांत भरून घेतले की बाजारातला माल आपोआप वेगळा दिसायला लागतो.

रविवारी सकाळी मंगळवार पेठेत, जुन्या बाजारात. ताडपत्रीवर कुलपं, स्टोव्हचे बर्नर, घड्याळांची आतडी, आणि नावं घातलेली भांडी. एका तांब्यावर नाव होतं, खाली ‘मामाकडून’. असा तांब्या हातात घेतला की भाव विचारायचं धाडस होत नाही. मी खाली ठेवला.

पुढच्या पथारीवर पस्तिशीतला एक माणूस नाणं बघत होता. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. विक्रेता सांगत होता, हे चमत्कारी नाणं आहे, तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं. जुन्या वस्तू जमवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना हे खोटं नाणं माहीत आहे. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. तिचा 1835 चा तांब्याचा पाव आणा बघा, त्यावर मानचिन्ह आहे, देव नाहीत. पण दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालायचं नाही, हा बाजाराचा रिवाज. मी गप्प राहिलो. त्याने सहाशे मोजले.

मग मला माझा अडकित्ता सापडला. पितळी दांडे, वर घोड्याचं तोंड, रिव्हेट झिजून गुळगुळीत. मी मनात आठशेपर्यंत तयारी केली होती. विकणाऱ्या काकांनी माझ्या हातातून तो परत घेतला, उघडला आणि म्हणाले, “साहेब, दांडा जुना आहे, पात नंतर बसवलीय. जुन्याचे पैसे नका देऊ.” मला ते ओळखू आलं नव्हतं. घोड्याकडे बघत राहिलो आणि पातीकडे लक्षच दिलं नाही. आता कळतं: जुनी पात वर्षानुवर्षं धार लावून मध्यभागी खोलगट होते, ही शेवटपर्यंत सरळ होती. काकांनी साडेतीनशे घेतले. पहिल्यांदाच भेटलेल्या गिऱ्हाइकाला, न विचारता, त्यांनी हे सांगितलं.

अडकित्ता पिशवीत टाकला आणि मी त्या नाण्यावाल्या माणसाला शोधायला निघालो. चहाच्या गाडीजवळ भेटला. मी सांगितलं. तो नाणं बराच वेळ उलटंपालटं करत राहिला, म्हणाला, “आईसाठी घेतलं होतं, देव्हाऱ्यात ठेवायला.” आधी का बोलला नाहीत, असं त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोघं परत गेलो. विक्रेत्याने बरीच वादावादी करून चारशे परत केले, नाणं त्या माणसाकडेच राहू दिलं. आम्ही जाताना माझ्याकडे नीट बघून घेतलं विक्रेत्याने. त्या पथारीवर मला आता चांगला माल दाखवला जाणार नाही, हे उघड आहे. चालेल.

कामाची नोंद: रिव्हेटमध्ये रॉकेलचे दोन थेंब, रात्रभर ठेवलं, सकाळी दांडे हलले. पितळेला चिंच फक्त आतल्या बाजूने लावली. घोड्याच्या मानेवरचा काळपटपणा ठेवला, तो बोटांनी झालेला आहे. पात बदलणार नाही. माझ्या वहीत क्रमांक १४ पुढे लिहिलंय: ‘जोडकाम, विक्रेत्याने स्वतः सांगितलं.’

येत्या बुधवारी बाजार आहे. काकांकडे एक पानदान बघून ठेवलंय, झाकणाची बिजागरी तुटलेली. कोणाकडे जुन्या पितळेची बारीक तार असेल तर मला हवी आहे.